पुठ्ठ्याचा रोबो आणि पायाखालची चाके

महोदय,

मुलीच्या स्केटिंग वर्गाच्या वेशभूषा फेरीसाठी आम्ही नुकताच घरीच रोबोचा पोशाख तयार केला. इतवारीच्या बाजारातून आणलेला चंदेरी कागद खोक्यावर चिकटवणे सोपे होते. खरी अडचण गुडघ्यांची निघाली, कारण स्केटिंग करताना गुडघे वाकवून तोल किंचित पुढे ठेवावा लागतो आणि पुठ्ठ्याची सलग नळी नेमके तेच होऊ देत नाही. शेवटी नळी कापून गुडघ्यांचे पॅड बाहेरून बांधले. डोक्यावरच्या खोक्यातून बाजूचे काहीच दिसेना, तेव्हा तो काढून हेल्मेटलाच दोन तारा लावल्या. (तान्ह्या पोळ्याची, म्हणजे मुलांच्या पोळ्याची, सजावट त्यामानाने सोपी, तिथे चाके लाकडी बैलाला असतात, मुलांना नव्हे.)

प्रत्यक्ष फेरीत मात्र चेहरे पूर्ण झाकलेली दोन मुले एकमेकांवर आदळली. सूचनापत्रकात शुल्क आणि वेळ ठळक छापली होती, पोशाखाविषयी एक ओळही नव्हती. हेल्मेट सक्तीचे असावे, दोन्ही बाजूंचे नीट दिसावे आणि गुडघे व कोपरे मोकळे राहावेत, हे आयोजकांनी पालकांना पुठ्ठा कापण्यापूर्वीच कळवावे, ही विनंती.

– एक पालक, नागपूर