पंधरावा फॉर्मा कुठे गेला?

प्रति,
मा. व्यवस्थापक,
विक्री विभाग

विषय : अमेरिकेच्या पश्चिमेकडे गेलेल्या लोकांच्या रोजनिश्या व पत्रांच्या अनुवादित संचात (खंड १ व २) पाने गहाळ असल्याबाबत.

महोदय,

या संचासाठी मी प्रकाशनपूर्व सवलतीत १,२०० रुपये भरले होते. संच चार महिने उशिरा आला, त्याबद्दल तक्रार नाही. सवय आहे. तक्रार पहिल्या खंडाची आहे. त्यात २०९ ते २२४ ही पानं दोनदा बांधली आहेत आणि २२५ ते २४० ही पानं मुळीच नाहीत. म्हणजे चौदावा फॉर्मा (एका कागदाच्या घडीतली सोळा पानं) दोनदा आणि पंधरावा गायब.

फोन केला तेव्हा आपल्याकडच्या मुलानं सांगितलं, "मॅडम, सोळाच तर पानं आहेत, गोष्ट कळतेच ना." शिवाय दोष सात दिवसांच्या आत कळवायचा असतो म्हणे. दोन खंड मिळून साडेआठशे पानं सात दिवसांत कोण वाचून काढतं?

आणि गोष्ट कळत नाही, म्हणून तर हे पत्र.

आम्ही सात-आठ जणी दर गुरुवारी दुपारी मोठ्यानं वाचन करतो. चौदाव्या फॉर्म्यात १८४६ साली कॅलिफोर्नियाला निघालेल्या डोनर काफिल्याची हकीकत आहे. रुळलेली वाट सोडून हेस्टिंग्ज नावाच्या लेखकानं आपल्या प्रवासपुस्तकात सुचवलेल्या आडवाटेनं ही मंडळी निघाली, उशीर झाला आणि सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या बर्फात अडकली. ८७ पैकी जवळपास निम्मी दगावली, उरलेल्यांपैकी काहींनी मेलेल्यांचं मांस खाऊन जीव जगवला. त्यातून वाचलेल्या तेरा वर्षांच्या व्हर्जिनिया रीडनं मे १८४७ मध्ये मामेबहिणीला लिहिलं, की कधीही आडवाट धरू नका आणि जमेल तितक्या लवकर पुढं सरका. हे वाचून झाल्यावर आमच्यात बराच वेळ कुणी बोललं नाही. मग पान उलटलं, तर पुन्हा तीच माणसं मिसुरीहून निघालेली!

अनुक्रमणिकेप्रमाणे पान २२५ वर सारा विनेमुक्का सुरू व्हायला हवी होती. ती तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, पायूट जमातीची. गोरे येऊ लागले तेव्हा लहान पोर होती. शेवटी माझ्या मुलीनं तिचं १८८३ सालचं मूळ इंग्रजी पुस्तक मोबाइलवर उतरवून दिलं आणि मी ते शब्दकोश घेऊन वाचलं. गोरे येताहेत, ते माणसं मारून खातात, अशी त्यांच्यात बातमी पसरली होती. पळताना पोरांना घेऊन धावणं जमेना, तेव्हा साराच्या आईनं आणि मावशीनं तिला आणि तिच्या मावसबहिणीला जिवंत मातीत पुरलं, उन्हानं भाजू नयेत म्हणून तोंडावर झुडपं लावली आणि रडू नका असं बजावून निघून गेल्या. रात्री आई-बाप येईपर्यंत त्या पोरी तशाच. त्यानंतर गोऱ्यांच्या एका टोळीनं यांची हिवाळ्याची बेगमी जाळली होती. डोंगरात अडकून मेलेल्यांबद्दल सारा लिहिते, की आम्ही त्यांना वाचवू शकलो असतो, पण आमची माणसं त्यांना भीत होती.

आता सांगा, सोळाच पानं? आपल्या जाहिरातीच्या पत्रकात "दोन्ही बाजूंच्या लोकांच्या तोंडून" असं ठळक अक्षरात छापलंय. माझ्या प्रतीत एकच बाजू आहे, तीही दोनदा.

अनुवादाबद्दल थोडं लिहिते, कारण शुद्धिपत्र काढाल तेव्हा उपयोगी पडेल. पान ८७ वर, माळरानात लाकूड नसल्यामुळे बायका "म्हशीचे काप जाळून" स्वयंपाक करत, असं वाक्य आहे. आमच्यातल्या एका आजी लगेच म्हणाल्या, "अगं, रानशेण्या असतील त्या." आजी चौथी शिकलेल्या. बायसनचं (तिकडे त्यालाच 'बफेलो' म्हणतात) वाळलेलं शेण जाळत असत, आणि त्याला इंग्रजीत 'चिप्स' म्हणत, एवढं अनुवादकाला ठाऊक नसावं याचं नवल वाटतं. दुसरं, दुसऱ्या खंडात अमीलिया नाइटची १८५३ सालची रोजनिशी आहे. सात मुलांना घेऊन, पोटात आठवं असताना ही बाई आयोवाहून ऑरेगनला पोचली. शेवटी नवऱ्यानं "दोन जोखडं देऊन" जमीन घेतली, असं छापलंय. नुसत्या दोन लाकडांवर ३२० एकर, बटाट्याचा तुकडा आणि वर बिनखिडकीची खोली कोण देतं? इंग्रजीत 'योक' म्हणजे जोखड, तशीच बैलजोडीही. दोन बैलजोड्या दिल्या होत्या, चार बैल.

माझी मागणी साधी आहे. संपूर्ण खंड बदलून द्यावा. ते जमत नसेल, तर छापखान्यात पंधराव्या फॉर्म्याचे सुटे कागद शिल्लक असतीलच, त्यातला एक नीट घडी घालून पाठवावा. शिवणीचं काम आमच्या गल्लीतला बाइंडर करून देईल, त्याचे पैसेही मी देईन. याच छपाईच्या इतर प्रतींतही हाच घोटाळा झाला असणार, त्या ग्राहकांनाही कळवावं. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करीन.

पावतीची आणि दोनदा आलेल्या पान २०९ ची छायाप्रत सोबत जोडली आहे. दर गुरुवारी त्या पानापाशी आमचं वाचन थांबलेलं आहे.

कळावे,
आपली एक ग्राहक
(निवृत्त शिक्षिका, सातारा)