याला ‘जुगाड’ म्हणू नका

महोदय,

घरी विमान बांधणाऱ्यांविषयी छापून येतं तेव्हा ‘जुगाड’ आणि ‘भंगारातून भरारी’ हे शब्द हमखास असतात. मी गेली ६ वर्षं घरामागच्या वर्कशॉपमध्ये दोन आसनी, धातूचं विमान बांधतो आहे. हे शब्द वाचून मला खरोखर वाईट वाटतं.

एका रिव्हेटचं, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळीचं, सांगतो. विमानाचा हा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वेल्डिंगने जोडता येत नाही, उष्णतेने त्याची ताकद जाते. म्हणून हजारो रिव्हेट. भोक आधी लहान पाडायचं, मग मापाचं करायचं. पत्रे पुन्हा सोडवून प्रत्येक भोकाच्या कडेची बर, म्हणजे भोक पाडताना उरलेली धारदार कड, काढायची, कारण पुढे तडा तिथूनच जातो. मग एका बाजूने हवेची रिव्हेट गन आणि मागे पोलादी ठोकळा. ठोकळा माझी पत्नी धरते. रिव्हेट नीट बसला नाही, हे तिला आता आवाजावरूनच कळतं. ठोकून तयार झालेलं डोकं रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं. तेही गेज लावून बघायचं.

तिसऱ्या वर्षी डाव्या पंखाच्या एका बरगडीत, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आतल्या पट्टीत, भोक कडेच्या फार जवळ पडलं. मध्यापासून कडेपर्यंत निदान व्यासाच्या दुप्पट जागा लागते. इथे दीडपटही नव्हती. वरून पत्रा चढला की कुणालाच दिसलं नसतं. दोन दिवस मी नुसता त्या भोकाकडे बघत होतो. शेवटी बरगडी काढली, नवी मागवली. तीन महिने काम अडलं. जुनी बरगडी आजही कामाच्या टेबलाच्या वर, नजरेसमोर टांगलेली आहे.

जुगाडात वेळ मारून नेता येते, इथे नाही. अमेरिकेत १९५३ साली स्थापन झालेल्या एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन या घरी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेचे अनुभवी सदस्य बोलावल्यावर घरी येऊन काम तपासतात, तेही पत्रा बंद होण्याआधी.

मला काळजी वाटते ती त्या बातम्या वाचणाऱ्या मुलांची. मोटारसायकलचं इंजिन आणि पाइप जोडून एखादा त्यात बसेलही. म्हणून विनंती, पुढच्या वेळी बातमी देताना बांधणाऱ्याला एवढं जरूर विचारा: पत्रा कोणत्या जातीचा? काम कुणी तपासलं? आणि उड्डाणाआधी विमान वजनकाट्यांवर ठेवून गुरुत्वमध्य काढला होता का?

– विमान बांधणारा एक वाचक