भाषणे पुरेत, अकरावीचा अर्ज भरताना मुलींजवळ बसा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन आला की जिल्ह्यातल्या बहुतेक हायस्कुलांत एकाच साच्याचा कार्यक्रम होतो. पाहुणे येतात, कल्पना चावलांचे नाव घेतात, ‘मुलींनो, तुम्हीही करू शकता’ म्हणतात आणि शाल-श्रीफळ घेऊन जातात. हे मुलींना सांगायची गरज मुळात फारशी नसते. ज्या रामन यांच्या शोधाच्या स्मरणार्थ हा दिवस पाळला जातो, त्यांनीच १९३३ मध्ये कमला भागवत (पुढे सोहोनी) यांना मुलगी म्हणून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला होता. त्या अडून बसल्या, वर्षभर पारखून घेण्याच्या अटीवर आत गेल्या आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेऊन मोकळ्या झाल्या. प्रेरणा त्यांच्याकडे भरपूर होती, अडचण दाराशी होती. आज कोणी तोंडावर नाही म्हणत नाही, तरी मुली वाटेत गळतात. कुठे गळतात ते आम्हा शिकवणाऱ्यांना ठाऊक आहे, आणि ती गळती भाषणाने थांबत नाही.

पहिली जागा शाळेची प्रयोगशाळा. नववी-दहावीच्या प्रात्यक्षिकात आठ-दहा जणांचा गट असतो. मुलगे तारा जोडतात, मुली ‘अक्षर चांगले’ म्हणून जर्नल लिहितात. दहावीच्या परीक्षेत दोघांनाही गुण सारखेच मिळतात, त्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही की मुलीने अ‍ॅमीटर हातात धरलेलाच नाही. उपाय बिनखर्चाचा आहे. गट दोघा-दोघांचा करा, वीस मिनिटांनी हात बदला आणि लिहिण्याचे काम आलटून पालटून द्या. साहित्य कमी असेल तर निम्मा वर्ग प्रयोगाला आणि निम्मा आकडेमोडीला बसवा. दहा जणांना एकाच टेबलाभोवती उभे करू नका.

त्यासोबत वर्षातून एक तरी वस्तू प्रत्येक मुलीने स्वतः बनवावी. आमची शिफारस पाण्याच्या टाकीच्या गजराची आहे, कारण टाकी भरून वाहणे ही प्रत्येक घरची तक्रार. बीसी ५४७ ट्रान्झिस्टर (याला कलेक्टर, बेस आणि एमिटर असे तीन पाय असतात), १ किलोओहमचा रोधक, ९ व्होल्टची बॅटरी व तिची टोपी, डी.सी. बझर आणि दोन तारा एवढेच सामान. ब्रेडबोर्ड (सुटे भाग नुसते खोचून जोडायची पाटी) सोडला तर खर्च शंभर रुपयांच्या आसपास. बॅटरीचे धन टोक बझरच्या धन टोकाला, बझरचे ऋण टोक कलेक्टरला, एमिटर बॅटरीच्या ऋण टोकाला. एक तार बॅटरीच्या धन टोकापासून, दुसरी रोधकातून बेसला. दोघींची उघडी टोके टाकीत हव्या त्या उंचीवर, एकमेकींपासून बोटभर अंतरावर. पाणी तिथवर चढले की त्यातून मिलिअँपिअरचा अगदी थोडा अंश बेसमध्ये जातो, ट्रान्झिस्टर तो शंभरपटीहून अधिक वाढवतो आणि बझर वाजतो.

पहिल्या खेपेला निम्मे गजर वाजत नाहीत, आणि शिकणे तिथेच सुरू होते. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. सर्वांत जास्त चुका इथेच. बझरची टोके उलटी लागतात. काही दुकानांत आतमध्ये स्वतःचे सर्किट नसलेला बझर देतात, तो फक्त ‘टक्’ करतो. इनॅमलची तार खरवडायची राहते. एखादी हुशार मुलगी डिस्टिल्ड वॉटर घेते आणि गजर गप्प बसतो. तिला क्षारांविषयी वेगळे काही सांगावे लागत नाही. दोन-तीन आठवड्यांनी मात्र चांगला चाललेला गजरही बंद पडतो, कारण एकाच दिशेने प्रवाह गेल्याने तांब्याचे धन टोक विद्युत् अपघटनाने झिजते आणि हिरवे पडते. तांब्याऐवजी स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावले की टोक बरेच जास्त टिकते.

सोल्डरिंगला, म्हणजे वितळवलेल्या मिश्रधातूने जोड पक्के करायला, २५ वॅटचे आयर्न पुरते. टोक आधी जोडाला लावून दोन-तीन सेकंद तापवायचे, मग सोल्डरची तार जोडाला टेकवायची, आयर्नच्या टोकाला नाही. जोड चमकदार आणि उतरता दिसला तर पक्का. निस्तेज गोळी बसली असेल तर आतून सुटा, पुन्हा तापवा. खिडकी उघडी ठेवावी आणि सोल्डरमध्ये शिसे असते म्हणून डबा खायच्या आधी हात साबणाने धुवावेत. ओढणी पाठीमागे बांधलेली, केस आवळलेले. शिक्षकांनी मुलीच्या हातून आयर्न काढून घेऊन स्वतः जोडून देऊ नये. हा मोह फार होतो.

आता कोल्हापूरचे म्हणून एक. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पट्ट्यात इतक्या फाउंड्री (धातू वितळवून ओतकाम करणारे कारखाने) असताना आपल्या मुलींच्या मनात फाउंड्री म्हणजे भट्टी आणि घाम एवढेच असते. तिथे वाळूची प्रयोगशाळा असते, धातूचे घटक मोजणारा स्पेक्ट्रोमीटर असतो, कास्टिंगचे (ओतलेल्या भागाचे) संगणकावरचे सिम्युलेशन, साच्याच्या पॅटर्नचे संगणकी आरेखन (कॅड), संगणकाने चालणाऱ्या सीएनसी यंत्रांचे प्रोग्रॅमिंग, मापे तपासणारा विभाग असतो. शाळेतच करता येईल असा प्रयोग आहे. साच्याची ओली वाळू ५० ग्रॅम मोजून घ्या, १०५ ते ११० अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत सुकवा, पुन्हा मोजा. ४८.२ ग्रॅम भरली तर ओलावा ३.६ टक्के. ओलावा जास्त झाला तर वाफ अडकून कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात. कमी झाला तर साच्याची कड ढासळते आणि वाळू धातूत मिसळते. तराजू एक दशांश ग्रॅमपर्यंतच दाखवत असेल तर उत्तरात ०.२ टक्के इकडेतिकडे होणारच, हेही मुलींना हिशेब करून पाहू द्या. कारखान्याची सहल नेलीत तर ओतकामापासून लांब ठेवा, पायात बंद बूट आणि अंगात सुती कपडे असू देत. कारखान्याला दोन प्रश्न मुलींसमोरच विचारा: महिलांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे, आणि शिफ्ट सुटल्यावर बस आहे का? उत्तर मिळेल तसा त्या कारखान्याविषयी अंदाज येतो.

गळतीची सर्वांत मोठी जागा अकरावीचा अर्ज. ‘मुलगी आहे, बायो घे, गणित सोड’ हा सल्ला घरोघर मिळतो आणि तो देणाऱ्यांना त्याची किंमत माहीत नसते. बायोलॉजी सोडली तर एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, पशुवैद्यक ही दारे बंद होतात. गणित सोडले तर जवळजवळ सगळी अभियांत्रिकी, आर्किटेक्चर, बी.एस्सी.चे गणित-संख्याशास्त्र आणि एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून) हवाईदल व नौदल बंद होते. उलट बी.फार्म. आणि बी.एस्सी. अ‍ॅग्री या दोन्हींना भौतिक-रसायन-गणित गटही चालतो, हे कित्येक पालकांना ठाऊकच नसते. मन ठरत नसेल तर चारही विषय ठेवून सहामाहीनंतर निर्णय घ्यावा. ओझे वाढते हे खरे, पण एकदा सोडलेले गणित परत धरणे फार अवघड असते.

गणित घेतलेल्या मुलीही दिवाळीच्या आत घाबरतात, आणि त्यामागे एक साधे कारण आहे. आतापर्यंतच्या पाठ्यपुस्तकांत भौतिकशास्त्राच्या दुसऱ्याच प्रकरणात सदिश (व्हेक्टर) आणि विकलन (डिफरन्सिएशन) येते, गणिताच्या पुस्तकात मात्र विकलन भाग २ च्या अगदी शेवटी. म्हणजे न शिकवलेल्या गणिताच्या जोरावर गतीची समीकरणे सोडवायची. मुलग्याला अशा वेळी क्लास लावतात. मुलीला ‘झेपत नसेल तर कॉमर्स घे’ म्हणतात. कनिष्ठ महाविद्यालयांनी अकरावीचे पहिले तीन आठवडे रोज एक तास घातांक, वर्गसमीकरण, त्रिकोणमितीय गुणोत्तरे, आलेखाचा चढ आणि एककांचे रूपांतर यांवर घालवला तर ही भीती बरीच कमी होते. सीईटीच्या, म्हणजे अभियांत्रिकीसाठीच्या राज्याच्या प्रवेशपरीक्षेच्या दृष्टीनेही हे फायद्याचे आहे. एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे असतात, म्हणजे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. २० टक्के प्रश्न अकरावीवर येतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

अकरावी-बारावी नकोच असेल तर दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. त्याला सीईटी नाही, प्रवेश दहावीच्या गुणांवर. विद्यानगरात शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि मुलींनी वसतिगृहात राहावे असे घरच्यांना वाटत असेल तर तासगावला शासकीय निवासी महिला तंत्रनिकेतनही आहे. डिप्लोमाच्या गुणांवर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या मुलीला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, ही वाट तर जवळजवळ कोणी सांगतच नाही.

पैशाचे बोलायचे तर ‘मुलीवर एवढा खर्च’ हे कारण आता पूर्वीइतके खरे राहिलेले नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅप, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीतूनच हवा. पहिल्या फेरीत मनासारखे मिळाले नाही म्हणून घाबरून व्यवस्थापन कोट्यात पैसे भरले की सवलत गेली. वसतिगृह आणि मेसचा खर्च यात येत नाही. याशिवाय एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपयांची आहे, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. डिग्री आणि डिप्लोमा दोन्हींना, उत्पन्नमर्यादा तीच. शुल्कमाफी आणि प्रगती या दोन्हींचा लाभ एकदम घेता येतो का, हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात अर्जाआधी विचारून घ्यावे.

माफी मिळूनही ती हातची जाते ती कागदांपायी. जातपडताळणीचा अर्ज बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत करावा. निकालानंतर धावाधाव केली तर प्रवेशाची मुदत निघून जाते. पुरावा वडिलांकडच्या नात्यातला लागतो. इतर मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची नोंद हवी: आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, नाहीतर तालुक्याच्या अभिलेखातला कोतवाल बुकाचा (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीचा) उतारा. तो शोधायला महिना सहज जातो. नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, मुदत उलटलेला चालत नाही. आधारवर ‘आश्विनी’ आणि गुणपत्रिकेवर ‘अश्विनी’ एवढ्या फरकाने महाडीबीटीचा (शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा) अर्ज अडकतो, म्हणून नावे नववीतच जुळवून घ्यावीत. बँक खाते आधारशी जोडलेले असावे, आणि महाडीबीटीचा अर्ज दरवर्षी नव्याने करायचा असतो. दुसऱ्या वर्षी तो विसरणारे पुष्कळ.

राहिली एसटी. बारावीपर्यंत ग्रामीण मुलींना मोफत पास आहे, पण राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडकडच्या मुलीची परतीची गाडी पासने थांबत नाही. सायन्सची प्रात्यक्षिके दुपारी असतात आणि संध्याकाळच्या गाडीसाठी तिला मधूनच उठावे लागते. मग ‘सायन्स नको, घरी यायला उशीर होतो’ असे ठरते. प्राचार्यांनी लांबच्या गावांच्या मुलींची तुकडी सकाळच्या प्रात्यक्षिकाला लावली तर एका वेळापत्रकाच्या कागदावर हे सुटते. आगार व्यवस्थापकांना मुलींची गावनिहाय यादी जूनमध्येच द्यावी. नुसती ‘गाडी वाढवा’ अशी मागणी केली तर काही होत नाही.

आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती. तालुक्याच्या पानावर दहावीच्या निकालाआधी एकदा आणि बारावीच्या निकालाआधी एकदा वरच्या कागदांची यादी, त्या-त्या वर्षीच्या अर्जाच्या तारखा आणि जिल्हा जातपडताळणी समितीच्या कार्यालयाचा पत्ता छापावा. गुणवंत मुलींचे फोटो छापता त्याच पानावर जागा मिळाली तर उत्तम.

आपल्या,
विज्ञान व तंत्रशिक्षण क्षेत्रातील काही शिक्षिका, कोल्हापूर