भंडारदऱ्याच्या काठी तंबू ठोकताना

माननीय संपादक,

मे अखेरीस काजव्यांसाठी भंडारदऱ्याला गर्दी उसळते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणजे पार्टीचे लॉन नव्हे, हे आधी सांगितलेले बरे.

तंबू पाण्याला खेटून लावायची हौस बहुतेकांना असते. पण काठाची गाळाची जमीन वरून कोरडी दिसली तरी आत भुसभुशीत असते. खुंट्या धरत नाहीत आणि वळवाचा वारा सुटला की तंबू उपटून जातो. पाण्यापासून 50-60 पावले वर, मुरमाड जागा बघावी. खुंटीचे डोके तंबूपासून बाहेर कलते ठेवून ठोकावी. ओढ्याचे कोरडे पात्र आणि एकटे उंच झाड टाळावे. विजा याच दिवसांत पडतात. सकाळी तंबूचे कापड आतून ओले दिसले तर ती गळती नव्हे, श्वासाची वाफ; समोरासमोरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवाव्यात. निखाऱ्याची शेगडी आत कधीच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

काजवे उजेडाच्या उघडझापीने जोडीदार शोधतात. गाडीचे दिवे किंवा मोबाइलचा फ्लॅश पडला की त्यांचा संवादच तुटतो. बॅटरीवर लाल जिलेटिन कागद लावून ती जमिनीकडे धरावी. अळ्या पालापाचोळ्यात वाढतात, म्हणून पायवाट सोडू नये.

प्रवेशनाक्यावर पावतीसोबत लाल कागदाचा एक तुकडा दिला, तर खर्च तो कितीसा?

– काही निसर्गप्रेमी, अकोले