मेसा ट्रेलचे पाणी बाजूला काढणाऱ्यांना

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातील बोल्डर शहराच्या मोकळ्या जागा सांभाळणाऱ्या विभागाचे वाट-दुरुस्ती कर्मचारी आणि त्यांच्यासोबत फावडी-पहारी उचलणारे स्वयंसेवक,

सप्रेम नमस्कार.

शटॉक्वापासून साउथ मेसापर्यंतची तुमची वाट सुमारे ११ किलोमीटरची. सह्याद्रीत चालणाऱ्याला एका शब्दात कळेल, ही पदरातली, म्हणजे माथा आणि पायथा यांच्या मधल्या टप्प्यावरून जाणारी वाट आहे. पश्चिमेला डोक्यावर फ्लॅटआयर्न्सचे तिरपे तांबूस कातळ, पूर्वेला पायाशी गवताळ मैदान, नजर पोचेल तिथपर्यंत सपाट. माथ्यावर जात नाही म्हणून लोक तिला सोपी म्हणतात. पण डोंगरावरून उतरणारे सगळे पाणी पदरातल्या वाटेलाच आडवे येते, आणि ते पाणी वाटेवर टिकू न देण्याबद्दल हे आभार.

चढावर वाटेला तिरके पुरलेले दगड बहुतेकांना पायऱ्या वाटतात. ते पाणी वाटेवरून बाजूला काढणारे छोटे सांडवे आहेत. दगड दोन तृतीयांश जमिनीत हवा, नाहीतर बुटांच्या धक्क्याने हलतो. वाटेशी कोन ३० ते ४५ अंशांचा हवा. अगदी आडवा टाकला तर मागे पाणी तुंबते, गाळ साचतो आणि पुढच्या सरीत पाणी दगडावरून उडी मारून पुन्हा वाटेवर येते. तिथून ओघळ पडायला लागतो. ओघळ टाळायला माणसे कडेच्या गवतावरून चालतात, गवत मरते, आणि एका वाटेच्या दोन-तीन होतात. हे सगळे थांबते ते तुम्ही दगडामागचा गाळ उपसून खालच्या अंगाला टाकता, पाणी बाहेर नेणाऱ्या चराचे तोंड मोकळे ठेवता म्हणून. हे काम इतके साधे की कुणी त्याचा फोटो काढत नाही.

सप्टेंबर २०१३ मध्ये आठवडाभरात १७ इंच, म्हणजे साधारण ४३० मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईकराला यात विशेष वाटणार नाही, पण इथे वर्षाचा पाऊस-बर्फ मिळून ५०० मिलिमीटरच्या आसपास. घळीघळींतल्या वाटा खरवडून निघाल्या. त्यानंतर झालेल्या दुरुस्तीवरच आज आमचे पाय पडतात.

मार्च-एप्रिलचा चिखल हे वेगळे प्रकरण. इथल्या बऱ्याच पठारांवर वर गोटे-खडी आणि खाली शेल खडकाची चिकणमाती. रात्री गोठते, दुपारी सुटते, आणि देशावरच्या काळ्या रानासारखी बुटाला किलोभर चिकटते. अशा दिवसांत तुम्ही काही वाटा बंद ठेवता त्याचा राग येणाऱ्यांनी चिखलात उमटलेला एक खोल ठसा जूनमध्ये जाऊन पाहावा. वाळून दगड झालेला असतो, पाय मुरगळायला पुरेसा.

फ्लॅटआयर्न्सच्या काही भागांत १ फेब्रुवारी ते ३१ जुलै कड्यांवर घरटी करणाऱ्या शिकारी पक्ष्यांसाठी जाणे बंद असते. जवळच्या वाटांवर तशी पाटी लावल्याबद्दलही आभार, आणि बंद केलेल्या आडवाटांवर तुम्ही पसरता त्या वाळक्या फांद्यांबद्दल तर खासच. तो कचरा नव्हे. त्याच्या आडोशाने गवताचे बी धरते.

१९६७ मध्ये बोल्डरच्या मतदारांनी अशा जमिनींसाठी स्वतःवर विक्रीकर लावून घेतला. पैसा तिथून आला, पण चर उपसायला माणूसच लागतो.

आमच्याकडून एवढे नक्की. चिखल असला तर वाटेच्या मधूनच जाऊ, बूट घाण होऊ देत. हिवाळ्यात सावलीतल्या घळींत बर्फाची काच झालेली असते, तिथे कडेने वळसा न घालता बुटांना खिळ्यांच्या साखळ्या बांधू. उन्हाळ्यात पहाटे निघून वीज कडाडायच्या आत, दुपारच्या आधी खाली येऊ. आणि एखादा दगड हललेला दिसला तर तो नीट करायच्या फंदात न पडता जागा तुम्हाला कळवू. तो कोन तुम्हालाच जमतो.

आपले,
डेन्व्हर-बोल्डर परिसरात चालणारी मराठी मंडळी