एसटीच्या काकांनी बसवलेलं आमच्या शाळेचं दुसरं सत्र

आदरणीय काका,

स. न. वि. वि.

नाव छापायचं नाही ही तुमची अट, ती पाळते. पलूस तालुक्यातल्या आपल्या कृष्णाकाठच्या गावात ‘एसटीचे काका’ म्हटलं की कोण ते सांगावं लागत नाही. बाहेरच्यांना एवढं पुरे, की तुम्ही आधी वाहक होता, मग वाहतूक नियंत्रक झालात, आणि निवृत्त झाल्यावर नातीला सोडायला म्हणून आमच्या पाचवी ते आठवीच्या शाळेत यायला लागलात ते शाळेचेच होऊन बसलात.

आभार घरी येऊन मानता आले असते. पण तुम्ही विषय बदलून चहा मागवता हे सगळ्या शिक्षकांना माहीत आहे. शिवाय दिवाळीनंतर शाळेत काय काय होणार आहे ते पालकांना कळायला हवं, आणि ते सांगताना तुम्हाला गाळणं जमणारं नाही, म्हणून हे पत्र उघडं लिहिते.

दरवर्षी उपक्रमांचं नियोजन कागदावर देखणं असतं. दिनविशेष ओळीनं मांडायचे, समोर जबाबदार शिक्षकाचं नाव टाकायचं आणि मुख्याध्यापकांची सही घ्यायची. यंदा तो कागद तुम्ही चष्मा लावून वाचलात आणि पहिला प्रश्न विचारलात, “बाई, ह्यात बाजाराचा वार कुठाय?” आठवडी बाजाराच्या दिवशी निम्मी पोरं आईबापाबरोबर भाजीला बसतात, हे हजेरीपटावर आम्हाला दर आठवड्याला दिसतं. कार्यक्रमाची तारीख धरताना ते कुणी बघत नव्हतं. मग तुम्ही वहीच मागून घेतलीत. बाजार, गावची जत्रा, कारखान्याचा हंगाम, मुक्कामी गाडीची वेळ असं सगळं पेन्सिलीनं मांडलंत आणि शाळेचे दिवस त्यात बसवलेत.

पहिला बदल नाटकाचा. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केलं, त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो. सांगली जिल्ह्यातल्या शाळेनं तो साजरा करायलाच हवा. पण ही तारीख येते दिवाळीच्या सुट्टीच्या कडेला. पोरं मामाच्या गावाला गेलेली, तालीम घ्यायची कुणाची? तुम्ही नाटक नोव्हेंबरच्या अखेरीला ढकललंत, आणि वर सांगितलंत की दोन-तीन सोंगं मोकळी ठेवा. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात, मराठवाड्यातली पोरं उसाच्या फडाशेजारच्या कोप्यांत, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांत उतरतात. त्यांची नावं हंगामी म्हणून आपण शाळेत घालून घेतो, पण वर्गात ती मागच्या बाकावर बसून मार्चमध्ये निघून जातात. यंदा नाटकातल्या दोन भूमिका त्यांच्यासाठी राखून ठेवल्या आहेत. हे आम्हा बी.एड., डी.एड. झालेल्या मंडळींच्या डोक्यात आलं नव्हतं, ते गाडीत माणसं चढवत-उतरवत आयुष्य काढलेल्या माणसाच्या डोक्यात आलं.

डिसेंबरातला आनंद बाजार तर मी तुमच्याच नावे लिहून टाकला आहे. २२ डिसेंबर हा रामानुजन यांचा जन्मदिवस, म्हणजे गणित दिन. एरवी त्या दिवशी भिंतीवर सूत्रांचे तक्ते लागतात. यंदा त्याच आठवड्यात बाजार भरेल आणि भेळ, शेंगा, पालेभाजी विकणाऱ्या प्रत्येक गटाला हिशेब ठेवावा लागेल तो वाहकाच्या वेबिलासारखा, म्हणजे त्याच्या तिकीट-हिशेबाच्या कागदासारखा: सुरुवातीला माल किती, मधल्या थांब्याला किती उरला, हातात रोकड किती, आणि दोन्हींचा मेळ बसतो का. जुना तिकिटांचा ट्रे आणि पंच घेऊन तुम्ही सहावीच्या वर्गात गेलात तेव्हा मागच्या दाराशी मी उभी होते. रोकड कमी भरली तर पदरचे घालावे लागायचे, हे ऐकून पोरांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. वजाबाकी शिकवण्याची याहून चांगली युक्ती माझ्या पाहण्यात नाही.

आता दप्तराविना दिवस. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी असे दहा दिवस सुचवले आहेत. दप्तर घरी ठेवायचं आणि सुतार, कुंभार, माळी अशा हातानं काम करणाऱ्यांकडे जाऊन शिकायचं. बऱ्याच ठिकाणी या दिवशी पोरं पटांगणात खेळतात आणि अहवालात वेगळंच लिहिलं जातं, असं माझं स्पष्ट मत आहे. आपण सातवीला मिरजेला नेणार आहोत, सतारमेकर मंडळींकडे. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सुकवलेल्या भोपळ्यापासून तंबोरा होईपर्यंत काय काय करावं लागतं ते पोरं डोळ्यांनी बघतील. कारागिराच्या खोलीत अख्खा वर्ग मावत नाही, हे तुम्ही आधी जाऊन बघून आलात. म्हणून निम्मा वर्ग तिथं, निम्मा मिरज जंक्शनवर, आणि दुपारी अदलाबदल. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूरकडचे रेल्वेमार्ग जिथं एकत्र येतात ते स्टेशन नुसतं उभं राहून बघण्यातही भूगोलाचे दोन धडे होतात. २०१६च्या दुष्काळात लातूरला पाण्याची गाडी याच मिरजेतून गेली होती. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून, म्हणजे रेल्वेच्या टाकीच्या डब्यांतून, सुमारे पाच लाख लिटर पाणी गेलं. तिकडून आलेल्या आपल्या हंगामी पोरांना हे आवर्जून सांगायचं ठरलं आहे.

सहल सागरेश्वरला. उघड्या डोंगरावर माणसांनी झाडं लावून उभं केलेलं अभयारण्य, त्यात सांबर, चितळ आणि काळवीट, आणि शेजारी यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे. अंतर जवळचं म्हणून आम्ही सकाळी उशिरा निघून संध्याकाळी परतणार होतो. तुम्ही वेळ खोडलीत. “बाई, दिवस मावळला की ह्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. मागं लाल दिवा न्हाई का रिफ्लेक्टर न्हाई. पोरांची गाडी चारच्या आत गावात पायजे.” आता गाडी पहाटे साडेसहाला सुटेल. शालेय सहलीला एसटीच्या प्रासंगिक करारात, म्हणजे अख्खी गाडी भाड्यानं घेताना, मिळणारी निम्मी सवलत, तिचा अर्ज आणि आगारातल्या खेपा हे सगळं तुम्ही अंगावर घेतलंत, त्यामुळे माणशी वर्गणी बरीच खाली आली. नुसत्या पैशांसाठी यंदा कुणी घरी राहणार नाही.

१५ जानेवारी हा खाशाबा जाधवांचा जन्मदिवस, राज्याचा क्रीडा दिन. गोळेश्वरच्या या पैलवानानं १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं. त्या दिवशी भाषण एकच, तेही छोटं, आणि मग गावच्या तालमीत कुस्त्या. मुलींच्याही. वस्तादांना तयार कुणी केलं, हे मी लिहीत नाही.

आणि एक काम असं, ज्याचा फोटो निघत नाही. आठवीची एनएमएमएस, म्हणजे बेताच्या परिस्थितीतल्या हुशार मुलांसाठीच्या शिष्यवृत्तीची परीक्षा. पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असल्याचा दाखला लागतो. मजुरीला जाणाऱ्या आईबापांना तो काढायचा म्हणजे रोज बुडवून तहसीलला जायचं. तुम्ही त्यांचे कागद गोळा केलेत, एकाच दिवशी सगळ्यांना बरोबर नेलंत आणि बुडालेल्या रोजाबद्दल अक्षरही न बोलता सगळ्यांना जेवू घातलंत. हे मला तुमच्याकडून नाही, एका आईकडून कळलं. बाकीचं सोडा काका, पण त्या दाखल्यांसाठी तुमचे आभार मानल्याशिवाय मला राहवत नाही.

नाटकाच्या दिवशी तुमची खुर्ची पहिल्या रांगेत राहील. मागं उभं राहून गर्दी आवरायचं काम यंदा दुसऱ्या कुणाला दिलं आहे.

आपली नम्र,
उपक्रम सांभाळणाऱ्या बाई

ता. क. पालकांसाठी: सहलीचं संमतीपत्र सही करून सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी वर्गशिक्षकांकडे द्यावं. गाडी वेळेवर सुटेल. काका दारात उभे असतील, आणि ते कुणासाठी थांबत नाहीत.