सूचना : बाईंची स्मरणसभा, ३ जानेवारी

सर्व माजी विद्यार्थ्यांना कळवण्यात येते की, आपल्या बाईंच्या स्मरणार्थ ३ जानेवारीला सकाळी १० वाजता गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणात जमायचे आहे. तेरवी घरच्यांनी केली, ही सभा आपली. दिवस मुद्दाम निवडला आहे. सावित्रीबाई फुले (जन्म १८३१) यांच्या जयंतीला बाई निवृत्तीनंतरही न चुकता शाळेत यायच्या.

कापूस वेचणीच्या दिवसांत पोरींची शाळा सुटायची. तेव्हा बाई सरळ वावरात जायच्या, धुऱ्यावर उभं राहून मायबापाशी बोलायच्या आणि पोरीच्या कमरेची कापूस वेचायची ओटी स्वतः सोडून तिला सोबत घेऊन यायच्या. या ग्रुपमधल्या कितीतरी जणी त्यामुळेच शिकल्या.

नातवंडांवर तर त्यांचा भारी जीव. उन्हाळ्यात आमरसासोबतचे कणकेचे सरगुंडे काडीवर वळता वळता नातींकडून तेराचा पाढा म्हणवून घ्यायच्या. त्या नातीही येणार आहेत.

हार, शाल आणू नये. प्रत्येकाने शाळेतल्या मुलींसाठी दोन कोऱ्या वह्या आणाव्यात. बाईंचे जुने फोटो असतील तर १ तारखेपर्यंत ग्रुपवर टाकावेत. बाहेरगावच्यांची जेवणाची सोय शाळेतच आहे, येणाऱ्यांनी आधी कळवावे.